वाडीचा मेल

आमच्या वाडीचा एक मेल आहे. अख्ख्या वाडीच्या मालकीचा. वाडीचा मांडव असतो, सतरंज्या असतात, पखवाज असतो, तसाच मेल. तो राहतो मात्र रत्नागिरीला, माझ्या फोनमध्ये, कारण ते माझं नशीब आहे आणि नशिबाची सेटिंगं बदलता येत नाहीत.

वाडी सावर्ड्यापासून बरीच आत. मी तिथली सून. लग्नानंतर रत्नागिरीला आले ती इथलीच झाले. मी एका सी.ए.च्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते आणि आमचे हे, आत्माराम, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. मेल ह्यांनीच उघडला. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला पत्रव्यवहारासाठी हवा होता. पुढे कोणीतरी गॅसचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आलं. फॉर्मात ईमेलची चौकट होती आणि ती भरल्याशिवाय पान पुढे सरकेना. "वाडीचा टाक की," हे म्हणाले. मी टाकला. तेव्हापासून वाडीतल्या कुणालाही ईमेल विचारला की तो हाच सांगतो. विमा, गॅस, पीएफ, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, शेजारच्या येसूबाईच्या लेकाच्या मोटरसायकलचं चलन. जगातून आमच्या वाडीला जे काही लिहून येतं ते आधी माझ्या पर्समध्ये वाजतं.

ह्यांचं काय जातं? हे फोनवर ऐटीत सांगतात, "पाठव रे बिनधास्त, दर्शना बघते." दर्शना भाजी निवडताना बघते, ऑफिसात बघते, दाढ काढायला खुर्चीत बसली तरी बघते. कारण ओटीपी आला की तो लगेच सांगावा लागतो, आणि पलीकडचा माणूस आंब्याच्या कलमाखाली रेंज धरून उभा असतो.

वाडीला यात काही वावगं वाटत नाही. तिथं वस्तू अशाच असतात. मोठी तपेली, पराती, झारे, डाव, सगळं वाडीचं. ते भागोजी तात्यांच्या माळ्यावर असतं. तात्या वाडीचे म्होरके. लग्न असो की बारावं, ज्याला लागेल तो भांडी घेऊन जातो आणि घासून परत आणून देतो. भांडी ज्याच्या घरी, त्याच्या दाराला कुलूप लावायचं नाही, ही रीत. कधी कुणाकडे काय उभं राहील सांगता येत नाही, तेव्हा भांडी द्यायला घरात माणूस पाहिजे. त्यापायी तात्यांची बायको उभ्या जन्मात माहेरी चार दिवस राहिली नाही. ती गेल्यावर आता त्यांची सून तेच करते. तिचा नवरा डोंबिवलीला, ती इथं माळ्याखाली. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. तुला काय वाटतं असं तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही आपणहून कधी सांगितलं नाही.

या सुनेची मुलगी संस्कृती. बारावीला चांगले मार्क पडले. तिला शेतकीची पदवी घ्यायची होती, दापोलीच्या बाजूला एका कॉलेजात, हॉस्टेलवर राहून. वाडीतून एकटी बाहेर शिकायला जाणारी ती पहिलीच मुलगी झाली असती. तात्यांनी नातीला हो म्हटलं होतं, पण ते हो पावसाळ्यातल्या उन्हासारखं, कधी जाईल नेम नाही. अर्ज मी भरला. मेल अर्थातच वाडीचा. मग सुरू झालं, "काकी, कॉलेजचा मेल आला काय?" सकाळी विचारायची, जेवणाच्या सुट्टीत विचारायची, मी कुकर लावताना विचारायची. तिचा जीव टांगणीला लागला होता हे मला कळत होतं. पण दुसऱ्याचा टांगलेला जीव रोज आपल्या फोनमध्ये वाजायला लागला की कळण्यालाही मर्यादा येते.

लावणीच्या ऐन दिवसांत माझ्या फोनमधलं मेलचं अ‍ॅप अपडेट झालं. उघडलं तर रंगीबेरंगी चित्र, आणि खाली लिहिलेलं: मेल, एसएमएस, चॅट, आता सगळं एकाच ठिकाणी. त्याखाली दोन बटणं होती. एक, 'शिफारस केलेली सेटिंग वापरा.' दुसरं, 'मी स्वतः ठरवेन.'

स्वतः ठरवायला माणसाकडे वेळ असावा लागतो. जुलैचा शेवट, ऑफिसात रिटर्नांचा ढीग, साहेबांची चिडचिड, त्यात माझी अर्धशिशी. मी शिफारस केलेलं दाबून टाकलं. कुणीतरी शहाण्या माणसानं विचार करूनच शिफारस केली असेल. त्या शहाण्याला आमची वाडी माहीत नव्हती, एवढंच.

त्याच दुपारी ह्यांचा मेसेज आला. फोनच्या वरच्या बाजूला पट्टी सरकून आली, तिच्यात नुसता मजकूर: "संस्कृतीचा मेल बघ गं जरा. तात्यांचा फोन होता. आणि येसूवहिनीच्या लेकाचं चलन पण बघ." डोक्याची शीर तटतटत होती. मी त्या पट्टीतच उत्तर लिहिलं. एकदा लिहायला लागले आणि बोटं थांबेनात.

"नाही बघणार. मी तुमची बायको आहे, वाडीची नाही. ज्याचं त्याचं सगळं माझ्या डोक्यावर. वाडीची भांडी तरी लोक घासून परत देतात, माझं डोकं कोण घासून देतं? त्या पोरीला सांगा, दिवसातून दहा वेळा विचारून सीट मिळत नाही. आणि येसूवहिनींच्या लेकाला म्हणावं, आधी हेल्मेट घाल. मला कंटाळा आलाय तुमच्या वाडीचा. एकदाची सुटका करा माझी."

पाठवलं आणि खरं सांगते, बरं वाटलं. गोळी न घेता डोकं उतरलं.

लगेच ह्यांचा फोन आला. मागे वर्कशॉपमधली ठोकाठोक चालू होती.

"अगं, काय लिहिलंस हे?"

"जे मनात आहे ते लिहिलं. बायकोनं नवऱ्याला लिहिलं."

"मला नाही लिहिलंस," हे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "वाडीला लिहिलंस. सगळ्यांना गेलंय. मुंबईपर्यंत."

मी अ‍ॅप उघडलं तेव्हा उलगडा झाला. कुणाचा कुठला फॉर्म भरला ते लक्षात राहावं म्हणून मी वाडीतल्या प्रत्येकाच्या नावापुढे, त्याच्या फोन नंबराखाली, वाडीचा मेल लिहून ठेवला होता. ह्यांच्या नावापुढेही तोच. अ‍ॅपनं पाहिलं, मेल एक, म्हणजे माणूस एक. त्यानं सगळ्यांना एकत्र केलं आणि वर नाव दिलं 'भागोजी तात्या'. तात्या, येसूबाई, संस्कृती, डोंबिवलीचा तिचा बाप, आमचे हे, सगळे मिळून एक माणूस, आणि त्या माणसाचे भाराभर फोन नंबर. सेटिंगांच्या पोटात खूप खाली एक ओळ सापडली: 'उत्तर पाठवा: व्यक्तीच्या सर्व क्रमांकांवर.' तिच्यापुढे आपोआप टिक. खाली दुसरा पर्याय होता, 'फक्त संदेश आलेल्या क्रमांकावर.' मी तो निवडला. मुलगी पळून गेल्यावर दाराला कडी घालतात तसा.

मला वाटलं, आता फोनावर फोन येतील. येसूबाई मला सोडणार नाही. आमच्या वाडीत माणसं भांडतात ती तोंडानं, उभ्या उभ्या, आणि संध्याकाळी त्याच पाणवठ्यावर एकमेकांची हंडी उचलून देतात. तसं झालं असतं तर मी दोन शब्द ऐकून घेतले असते आणि दोन ऐकवले असते. पण कुणी बोललंच नाही. वाडीच्या ग्रुपवर कोणीतरी एका देवीचा फोटो टाकला. त्याला सगळ्यांनी हात जोडले. बस्स.

माझ्या फोनचं वाजणंही बंद झालं. मेल येत होते, पण त्यांच्याविषयी विचारणारं कुणी नव्हतं. विम्याचा आला, शाळेचा आला, मी ज्याला त्याला कळवत गेले. उत्तर नाही. मला हवी होती तीच शांतता होती ही, आणि मला ती अजिबात सोसवेना. ऑफिसात मी उगाच फोन उलटा करून ठेवायची आणि उगाच सुलटा करायची. घरी हे माझ्याशी जपून बोलत होते, पाहुण्यांशी बोलतात तसे. मला त्याचाच जास्त राग येत होता.

शनिवारी कॉलेजचा मेल आला.

संस्कृतीला सीट मिळाली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत याच मेलवरून संमती कळवायची, नाही कळवली तर सीट पुढच्या विद्यार्थ्याला. मी ऑफिसात खुर्चीवरून उठलेच. तिला लिहिलं, "संस्कृती, मिळाली सीट! फोन कर." आधी तीन वेळा खात्री केली की हे फक्त तिलाच जातंय. तिनं वाचल्याची खूण आली. फोन आला नाही. मी केला, तिनं उचलला नाही. तिच्या आईचा लागला नाही. ह्यांना म्हटलं, तात्यांना फोन करा. हे म्हणाले, "केला होता परवा. म्हणाले, 'रविवारी आमीच येताव तुझ्याकडं. बोलायचा ते समोर बोलू.' आणि ठेवलान."

लावणी अर्धी राहिलेली आणि वाडीतली माणसं शेत सोडून रत्नागिरीला येणार, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. वाडीची बैठक झाली असणार हे मी ओळखलं. मी घर झाडलं, पोहे भिजवले, आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी केली.

रविवारी ते आले. भागोजी तात्या, येसूबाई आणि संस्कृती. एसटीतून उतरून रिक्षा न करता चालत आलेले, पायांना लाल चिखल. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि डोक्यावर टोपी होती. म्हणजे कामाला आले होते. येसूबाईनं माझ्याकडे न बघता पाय धुतले. संस्कृती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि ओला प्लास्टिकचा कोट मांडीवर घडी करत राहिली.

तात्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि आमच्या टीपॉयवर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाय, आमी भांडाय नाय आलाव. तुला तरास झाला, ते आमाला कळला नाय. चूक आमची."

मी तयार केलेलं सगळं भांडण वाया गेलं. या माणसानं माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता.

"तात्या, अहो..."

"मला बोलू दे. वाडी देवळात बसली होती. तू लिवलंस ते सगळ्यांनी वाचला. खोटा काय लिवलेला नाय. वस्तू वाडीची, आन ठेवली वाडीच्या भायर, तितंच आमचा चुकला. एका घरावर किती वझा घालायचा? तर वाडीनं ठरवलान, मेल घेऊन जायाचा. हा नारळ त्याचाच. तू दे, आमी नेताव."

भांड्यांचं घर बदलतं तेव्हा असाच नारळ ठेवतात. जुन्या घरानं भांडी मोजून द्यायची, नव्यानं मोजून घ्यायची, कुणाच्या मनात काही ठेवायचं नाही. मी त्या नारळाकडे बघत बसले. मेलाला नारळ! हसू येण्यासारखी गोष्ट होती आणि मला रडू येत होतं. ही माणसं माझ्यावर रागावली नव्हती. त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं होतं, अगदी शब्दाला शब्द. मी सुटका करा म्हटलं होतं, ती सुटका करायला आली होती.

"माझ्या लेकाचा चलन नको गो तुझ्या डोक्यावर," येसूबाई भिंतीकडे बघून म्हणाली. "हेल्मेटबी घेतलान त्यानं."

हे आतून पोह्यांच्या बश्या घेऊन आले आणि नारळ पाहून दारातच थांबले.

"आणि तिकडे बघणार कोण?" मी विचारलं.

"आमच्याच घरी ठेवायचा ठरलाय," तात्या म्हणाले. "माळ्यावर भांडी हायत, तितं मेलबी राहील. ही बघेल. हिला कळता सगळा." त्यांनी मानेनं संस्कृतीकडे दाखवलं. आवाजात नातीचं कौतुक होतं.



"आणि हिचं कॉलेज?"

"कॉलेजचा अजून काय आलेला नाय ना," तात्या म्हणाले.

मी संस्कृतीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. घडी घातलेला कोट पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. माझा मेसेज तिनं वाचला होता. घरात कुणाला सांगितला नव्हता. त्याआधीच बैठकीत सगळ्यांसमोर तिचं नाव निघालं असणार, आजोबा अभिमानानं हसले असणार, आई गप्प राहिली असणार, आणि हिनं ओळखलं की आता सांगून काही उपयोग नाही. अठरा वर्षांची पोर, आणि आईचं गप्प राहणं आतापासूनच शिकली होती. माझी सुटका या मुलीच्या अंगावर पडली होती.

"आलाय," मी म्हणाले. "काल आला. हिला सीट मिळाली."

 तात्यांनी टोपी काढली, डोकं चोळलं आणि पुन्हा घातली. ते वाईट नव्हते. नातीला सीट मिळाली हे ऐकून त्यांच्या तोंडावर क्षणभर जे आलं ते मी पाहिलं. पण वाडीत शब्द देऊन आलेला माणूस होता तो.

"मग मेल कोन बघनार?" ते शेवटी म्हणाले.

"मुंबईला द्या कुणाला," हे म्हणाले.

"मुंबईत मंडळाची दोन मंडळं झालीत, तुला म्हाईत नाय? याला दिला तर तो रुसनार."

"आजोबा, मेल फोनवर कुठूनही दिसतो," संस्कृती हळूच म्हणाली. "दापोलीतून पण." तिच्या सुरावरून कळलं की हे तिनं बैठकीतही सांगून पाहिलं होतं.

"आज दापोली, उद्या पुना. पुन्ना वस्तू भायरच," तात्या म्हणाले. "आन माणसं कागूद घेऊन दारात येनार, ती काय दापोलीला जानार?"

"आन तो ओटीपी काय थांबतो?" येसूबाई म्हणाली. ती चुकीचं बोलत नव्हती. ओटीपी कुणासाठी थांबत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

मला एकाच वेळी सगळ्यांचा राग आला. तात्यांचा, त्यांच्या माळ्याचा, पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याचा, मांडीवर कोट घेऊन बसलेल्या त्या पोरीचा. प्रत्येकानं स्वतःचा मेल उघडावा, दहा मिनिटांचं काम आहे, हे माझं आजवर घसा कोरडा पडेपर्यंत सांगून झालं होतं. दोघांनी उघडलेही होते. ते पासवर्ड विसरले आणि पुन्हा माझ्याकडे आले. कितीही बोलले तरी सोमवारपर्यंत वाडी बदलणार नव्हती. सोमवारपर्यंत एकच गोष्ट होण्यासारखी होती.

"मी मेल देणार नाही," मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे नवल वाटून पाहिलं. "म्हंजे?"

"म्हणजे नाही देणार. माझ्याकडेच राहील."

"पन तू तर लिवलंस..."

"ते ह्यांना लिहिलं होतं. तुम्हाला नव्हतं लिहिलं."

"ह्याला का होईना, लिवलंस ना? कंटाळा आलाय म्हनून लिवलंस." तात्या पुढे वाकले. ते मला पेचात पकडत नव्हते, खरंच विचारत होते. "हे बघ, आमच्या भिडेनं नको. भीड नको. तुला कंटाळा आलाय का नाय, ते एकदा खरा सांग. आलाय तर आमी नेताव, आन तुझ्यावर कुनाचा राग नाय."

इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. ह्यांनी नाही, माझ्या आईनं नाही, कुणीच नाही. इतकं सरळ, समोर बसून, उत्तराची वाट बघत. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आला होता.

"नाही आलेला," मी म्हणाले. "डोकं दुखत होतं तात्या. रागाच्या भरात बोटं चालली. मनात तसं काही नाही."

येसूबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.  तात्यांनी सुस्कारा सोडला, सुटल्यासारखा.

"मंग या नारळाचा काय करायचा? ठेवलेला नारळ परत पिशवीत घालत नायत."

"फोडू या की," हे म्हणाले. त्यांना एवढंच सुचतं आणि नेमकं नको तेव्हा सुचतं. "मेल दर्शनाकडेच राहिला, म्हणून फोडू या."

आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नारळ फुटला. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, देवीचं नाव घेऊन, वाडीची वस्तू या घरात सुखरूप राहो, या घराला बरकत येवो, असं. शेवटी सगळ्यांबरोबर मीही 'होय महाराजा' म्हणाले. इतकी वर्षं तो मेल माझ्याकडे चुकून होता. आता रीतसर झाला. देवीच्या साक्षीनं.

खोबऱ्याचे तुकडे वाटताना तात्या संस्कृतीला म्हणाले, "जा मंग. शिक. आमच्या कलमांना काय रोग पडलाय ते तरी सांगशील." पोर नुसती मान हलवत राहिली.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. फोन ओट्यावर ठेवला. कॉलेजचा मेल तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, ओठ हलवत, दोनदा. मग संमतीचं उत्तर तिनंच लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर ओट्याला धरून उभी राहिली.

"आता तुझा फोन काढ," मी म्हणाले. "तुझा मेल उघड. तुझ्या नावाचा. कॉलेजला तोच कळवू, यापुढे सगळं त्यावरच येऊ दे."

तिनं फोन काढला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. मग थांबली.

"काकी, तुम्ही आजोबांना खोटं सांगितलंत ना?"

"हो."

"मग?"

"मग काही नाही. पासवर्ड घाल. मी तिकडे तोंड करते."

मी खिडकीकडे वळले. मागे तिची बोटं टकटक वाजत होती. माझे डोळे भरून आले होते, थोडे तिच्यासाठी आणि बरेचसे माझ्यासाठी. मला खरंच कंटाळा आला होता. तो तस्साच होता, नारळ फोडून कमी झाला नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "तुम्हाला सांगून ठेवू पासवर्ड? मी विसरले तर?"

"मला नको. आईला नको. आजोबांना तर नकोच. कुणालाही देऊ नकोस."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही. आमच्याकडे न देणं म्हणजे उद्धटपणा. पण तिनं फोन ओढणीत गुंडाळून घट्ट धरला.

ह्यांनी आमचं बोलणं ऐकलंच होतं. आम्ही बाहेर आलो तर ह्यांची दवंडी पिटून झालेली. "ऐकलंत काय तात्या? संस्कृतीचा स्वतःचा मेल झाला! वाडीतली पहिली मुलगी!" तात्या हसले. त्यांना मेलपेक्षा पहिलेपण कळलं.

एसटीची वेळ झाली होती. येसूबाई दारात चपला घालत होती. आता तिचा राग पुरता गेला होता आणि आवाज नेहमीसारखा मोकळा झाला होता.

"पोरीनं सोताचा मेल काढलान? बरा झाला गो. माझ्या लेकाचा पासपोर्टचा फारम भरायचा हाय. तुला कशाला तरास परत परत? हिचाच टाकताव की. ही घरचीच हाय."

संस्कृतीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते आणि ती हो म्हणणार होती. आमच्याकडच्या मुलींना पहिला शब्द तोच शिकवलेला असतो.

"तिचा नाही, येसूवहिनी," मी म्हणाले. "माझा टाका."